पळीभर शिसं

इतिहासाची आवड असलेल्या माणसांचे आपल्याकडे ठरावीक प्रकार आहेत. काहीजण गड चढतात आणि वर पोचल्यावर खाली राहिलेल्यांची कीव करतात. काहीजण मोडी वाचतात आणि आपल्याला न येणाऱ्या अक्षरांतून आपलीच वंशावळ काढून दाखवतात. बाकीचे घरबसल्या पानिपतावर चिडतात. माझी महत्त्वाकांक्षा मुळातच बेताची. मला इतिहास सांगायचा आहे तो बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूचा. कर्जत-खालापूरकडे पाग घेऊन नदीवर जाणारा माणूस पाहिलात, तर त्याच्या जाळ्याच्या घेराला खालच्या कडेने ओळीत ओवलेल्या शिशाच्या गोळ्या दिसतील. त्यातली एक गोळी. बस्स.

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. अर्धं खांद्यावर, थोडं कोपरावर, एक टोक दातांत, असं घेऊन माणूस गिरकी मारतो आणि जाळं हवेत ताटासारखं उघडतं. पाहणाऱ्याला वाटतं, सगळी करामत मनगटाची. मनगट लागतंच. पण जाळं उघडल्यानंतरचं काम शिशाचं. घेर तळाला आधी टेकला पाहिजे, म्हणजे मासा आत. घेर रेंगाळला की मासा बाहेर आणि आपण उपाशी. दगड बांधले तर जाळं फाटतं आणि पाण्यात धडाड आवाज होतो. भाजलेल्या मातीचे मणी हडप्पाच्या काळापासून माणसाने वापरले, पण मातीचा मणी खडकावर आपटला की संपला. शिसं पाण्याच्या अकरापट जड, हातोडीने चेपावं इतकं मऊ आणि ३२७ अंशांना वितळणारं. तांब्याला हजाराच्या वर अंश लागतात, लोखंडाला पंधराशेच्या वर. म्हणजे भट्टी नाही, भाता नाही, लोहार नाही. घरची चूल आणि घरची पळी पुरते. हा शेवटचा गुण गृहिणींच्या दृष्टीने दुर्गुण कसा ठरतो ते पुढे येईलच.

(शिसपेन्सिलीचा आणि शिशाचा काही संबंध नाही, हे इथेच सांगून टाकतो. पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट. पूर्वीच्या लोकांना ते शिशाचंच भावंडं वाटलं. १७७९ साली शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बन असल्याचं सिद्ध केलं, पण तोवर नाव पडून गेलं होतं. आपल्याकडे एकदा नाव पडलं की माणसालाही ते बदलता येत नाही, पेन्सिलीचं काय घेऊन बसलात.)

तर पहिली गोष्ट ही, की या मुलखात शिसं पिकत नाही. कर्जतला भात पिकतो, पाऊस पिकतो, अलीकडे फार्महाउसं पिकतात. पण सह्याद्रीचा काळा कातळ शिशाच्या बाबतीत ठणठणीत कोरडा आहे. इथे जे शिसं आहे ते बाहेरून आलेलं. आणि हे आजचं नव्हे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवहीत भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं आणि कथलाबरोबर शिसंही नोंदलेलं आहे. सातवाहनांनी तर शिशाची नाणी पाडली. कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यांत भिक्षू राहत होते त्या सुमाराची ही गोष्ट. शिशाचं नाणं खिशात ठेवून बाजारात जायचं म्हणजे भाजी घेण्याआधीच पिशवी जड व्हायची, पण त्या काळचे लोक आपल्यापेक्षा धट्टेकट्टे असावेत.

या भागातल्या नद्यांकाठी शिशाचा पाऊस पडला तो फेब्रुवारी १६६१ मध्ये, आणि तो मासे धरण्यासाठी नव्हता. कारतलबखान नावाचा मोगल सरदार मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात निघाला होता. शिवाजी महाराजांनी त्याला आजच्या खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत गाठला. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट रान, खाली अंबा नदी. वरून दगड, बाण आणि बंदुकीच्या गोळ्या. खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. त्याला शरण जाण्याचा शहाणपणा सुचवला तो बरोबरच्या रायबाघन या बाईने, असं सांगतात. बायका वेळीच थांबा म्हणतात आणि पुरुष उशिरा ऐकतात, ही परंपराही बरीच जुनी दिसते. त्या गोळ्यांचं शिसं समुद्रापलीकडून गलबतांत येई. सुरतेच्या वखारीत इंग्रज ज्या धातूंचा व्यापार करीत त्यांत शिसं हा मोठा माल होता. विलायतेच्या खाणीतून निघायचं, आफ्रिकेला वळसा घालायचा आणि सह्याद्रीच्या खिंडीत एखाद्या झाडाच्या बुंध्यात जाऊन बसायचं! शिशाच्या नशिबी प्रवास फार.

पण कर्जतचं खरं शिसं आणलं ते आगगाडीने. जी.आय.पी. रेल्वेची गाडी खोपोलीपर्यंत आली १८५६ साली. पुढे बोरघाट फोडायला सात वर्षं गेली आणि १८६३ मध्ये गाडी घाटावर चढली. घाट चढायला मागून जादा इंजिन लावावं लागे, म्हणून कर्जतला गाडी थांबायची, आणि गाडी थांबते तिथे गाव वाढतं. दिवाडकरांचा वडा गाजायच्या आधीपासून कर्जत हे थांबण्याचंच गाव. माझं आजोळ तिथलं. आमचे मामा मामलेदार कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे पुष्कळच वेळ, मासे पकडीत.

त्या काळी मालगाडीच्या डब्याचं दार बंद केलं की कडीला तार ओवून तिच्या दोन्ही टोकांवर शिशाची एक टिकली दाबत. पक्कड आवळली की टिकलीवर स्टेशनचा ठसा उठे. याला सगळे 'सील' म्हणत. डबा मुक्कामी पोचला, तार कापली, की सीलचं नोकरीतलं आयुष्य संपलं. ती टिकली रुळांमधल्या खडीत पडे आणि तिथून पोरांच्या चड्डीच्या खिशात जाई. मामांनी गावातल्या पोरांना मूठभर सीलांमागे एक लिमलेटची गोळी असा भाव ठरवून दिला होता. एका पागाला दोन-तीन किलो शिसं लागतं, म्हणजे शेकड्यांनी सील. मामांचा एक पाग भरेपर्यंत निम्म्या कर्जतच्या पोरांचे दात किडले. या सीलांत मधूनच एखादं जुनं 'जी.आय.पी.'चा ठसा असलेलं निघे. १९५१ साली त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली, पण खडीत पडलेल्या सीलाला ते कोण कळवणार? मामा ते वेगळं काढून ठेवीत. वाटायचं, जुन्या वस्तूंचा छंद असेल. तसं काही नव्हतं. "जुनं शिसं मऊ असतं रे," ते म्हणत, "इंग्रज भेसळ करत नव्हता." इंग्रजाबद्दल मामांनी काढलेला हा एकमेव चांगला उद्गार.

आता ओतकाम. याचा मुहूर्त वैशाखातला, आणि त्याला शास्त्राइतकंच भूगोलाचं कारण आहे. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे कोरडी अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे मामलेदार कचेरीतलं उत्तर. आणि वितळलेल्या शिशाला ओल खपत नाही. साच्यात पाण्याचा एक थेंब असला तरी त्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे सतराशेपट जागा मागते, आणि जागा नसली की शिसं उडवून जागा करते. दुसऱ्या बाजूने मासे तर पहिल्या पावसालाच लागतात. मृगाचा पाऊस कोसळला की नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून उलटे वर चढतात, थेट भातखाचरांत शिरतात. यालाच 'वलगण' म्हणतात. त्या दोन-चार दिवसांत अख्खा तालुका गुडघाभर चिखलात उभा असतो, आणि सरकारी कामं आपोआप पुढे ढकलली जातात. तेव्हा शिसं ओतायचं ते वलगणीच्या आत आणि ओल येण्याच्या आत, म्हणजे मे महिन्यात, जेव्हा आधीच अंगाची लाही होत असते तेव्हा चुलीशी बसून.

साचा मंगलोरी कौलाच्या फुटक्या तुकड्यांचा. दोन तुकडे एकमेकांवर घासून सपाट करायचे, खिळ्याने दोन्हीत समोरासमोर अर्धगोल खाच कोरायची, वरून ओतायला चोच ठेवायची. गोळीला ओवायला भोक हवं, म्हणून मध्ये सायकलचा आरा. आरा आधी चिमणीवर धरून काजळून घ्यायचा, म्हणजे शिसं त्याला चिकटत नाही. तुकडे तारेने बांधून निखाऱ्याशेजारी तापत ठेवायचे. साचा थंड असला तर शिसं निम्म्यातच गोठतं आणि गोळीऐवजी बोरीची वाळकी बी निघते. पळीत शिसं वितळलं की वर राखाडी साय धरते. ती काडीने बाजूला सारली की खाली आरसा! त्या आरशात मला मामांची मिशी उलटी दिसायची. मग एका दमात ओतायचं. दम सोडला की गोळीत पोकळी.

हे तंत्र मामा शिकले ते नदीकाठच्या वाडीवरच्या एका कातकरी म्हाताऱ्याकडून. कातकरी मंडळी पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जात आणि मेअखेर परत येत. त्यामुळे त्यांच्याकडे कौलाऐवजी वीट. म्हाताऱ्याचा एक नियम कडक होता. शिसं झोपडीत ओतायचं नाही. बाहेर, झाडाखाली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून. "पोरं लांब, भाऊसाहेब," तो म्हणायचा, "आन् पळी रानातच टांगायची." मामांना हे मंत्रतंत्रातलं वाटे. ते आरामात स्वयंपाकघरात बसून ओतत.

आणि तिथेच घरात फूट पडली. पळी मामींची होती. लोखंडी, लांब दांड्याची, फोडणीची. पहिल्या मेमध्ये मामांनी ती घेतली, शिसं ओतलं, राखेने घासली आणि जागेवर ठेवली. मामींनी पाहिलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "अहो, ही आता तुमची." वरणाला त्या दिवशी फोडणी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी पळी आली आणि जुनी परसात फणसाला टांगली गेली. आजीने मुलाची बाजू घेतली. "अगं, कल्हईवाला नाही का भांड्याला कल्हई करत? मग त्याच भांड्यात आपण दही लावतोच की." आजीचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. पण कल्हई कथलाची आणि मामांचं ते शिसं. कथील पोटात गेलं तर फारसं काही करत नाही. शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं भाडं न देता राहतं. मामींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी त्या करड्या सायीचा रंग पाहिला होता, एवढंच. लोकांना भीती वाटते ती वाफेची. वास्तविक चुलीवरच्या आचेत शिशाची वाफ फारशी होत नाही. वाईट ती ही साय. ती वाळते, तिची भुकटी होते, भुकटी हाताला लागते आणि हात भाकरीला.

शिशाचे हे गुण माणसाला काल-परवा कळले असंही नाही. विट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की पाणी आणायचं तर मातीच्या नळाने आणा, शिशाच्या नको. शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे पाहा, किती पांढरे. रोमनांनी वाचलं, मान डोलावली आणि नळ शिशाचेच घातले. १७८६ साली बेंजामिन फ्रँकलिनने एका मित्राला पत्रात कळवलं, की मी तरुणपणी छापखान्यात होतो, थंडीत टाइप शेकोटीशी वाळवायचो, हात दुखायला लागले, आणि एका जुन्या कामगाराने सांगितलं की असं करून काहींचे हात कायमचे लुळे पडलेत. पत्राच्या शेवटी तो खेदाने म्हणतो, एखादी उपयुक्त गोष्ट माहीत होऊनही ती अमलात यायला किती काळ जातो पाहा. फ्रँकलिनने हे लिहिलं तेव्हा आपल्याकडे सवाई माधवराव बारा वर्षांचे होते.

छापखान्याचं नाव निघालंच आहे. सीलं मिळेनाशी झाली तेव्हा मामांची नजर टाइपांवर गेली. ऑफसेट आल्यावर खिळे जुळवण्याचे छापखाने एकामागून एक बंद पडत होते आणि मराठी अक्षरं किलोच्या भावाने विकली जात होती. ज्या अक्षरांसाठी जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइप ओतायचा कारखाना काढला आणि मग निर्णयसागर उभा केला, त्यांची मोड भंगारात! मामांनी पिशवीभर आणली. लग्नपत्रिका, श्राद्धाची निमंत्रणं, निवडणुकीची पत्रकं छापून झिजलेले खिळे. ळ आणि ज्ञ मात्र अगदी कोरे. पण टाइपातलं शिसं निव्वळ नसतं, त्यात अँटिमनी आणि कथील असतं. अक्षराची कडा तीक्ष्ण राहावी म्हणून ते कडक केलेलं. त्यामुळे गोळी उतरते सुबक, आणि खडकावर आपटली की तडकते. साहित्याचा संसाराला उपयोग किती, याचा हा प्रयोगसिद्ध पुरावा मामा पुढे मला वारंवार ऐकवीत.

याच सुमारास त्यांनी एक शोधही लावला. मरळ धरायची तर गळाला जिवंत बेडूक लावतात. मामा बेडूक डब्यात आणून ठेवीत आणि डबा मोरीत. एकदा आजीने आंघोळीला तो डबा तांब्या समजून उचलला. त्यानंतर घरात बेडूकबंदी झाली. मग मामांनी गळाच्या मानेवरच शिशाचं डोकं ओतलं, शेपटीला कोंबड्याचं पीस बांधलं आणि दोरीला हिसके देत ते पाण्यात वरखाली नाचवलं. मरळ फसली. अशा वस्तूला साहेबाच्या देशात 'जिग' म्हणतात आणि ती बनवण्याचे तयार साचे विकत मिळतात, हे मामांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी साहेबाने आपली युक्ती चोरल्याचा अर्ज केला असता.

इथवर सगळं गमतीचं. खोपोलीकडे मात्र वेगळं चाललं होतं. खोपोली म्हणजे घाटाचा पायथा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक तिथे एकदा तरी दम खायचा, आणि ट्रक थांबला की गॅरेज, गॅरेज आलं की जुन्या बॅटऱ्या. १८५९ साली प्लांते या फ्रेंच गृहस्थाने शिशाच्या पत्र्यांची बॅटरी केली. आज जगात निघणारं बहुतेक शिसं बॅटरीतच जातं. बॅटरी मेली की आत कितीतरी किलो शिसं शिल्लक. सीलं पोरांनी वेचायची, टाइपांना पैसे मोजायचे, पण बॅटरीत एकरकमी घबाड! ज्याला पाग भरायचा तो बॅटरी फोडू लागला. आत असतो गंधकाम्ल आणि प्लेटांवरचा काळपट लगदा. आम्ल ओतलं ओढ्यात, लगदा झटकला अंगणात. त्याच अंगणात कोंबड्या, आणि कोंबड्यांमागे रांगणारं पोर.

पोटात गेलेल्या शिशापैकी मोठा माणूस जेवढं अंगी लावून घेतो, त्याच्या चार-पाचपट लहान मूल घेतं. त्याला सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि शिसं आरडाओरडा करत नाही. साप चावला तर गाव गोळा होतं. शिशाने पोर फिकं पडतं, पोट दुखतं म्हणतं, शाळेत फळ्याकडे पाहत बसतं. मास्तर म्हणतात, "या वाडीवरची मुलं अशीच." मास्तरांचीही चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मामांच्या गॅरेजवाल्या स्नेह्याने त्यांना एकदा फुकट बॅटरी देऊ केली होती. मामींनी ती दारातूनच परत पाठवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "फणसाला आता जागा नाही."

विलायतेत याच शिशावर १९८७ साली कायदा झाला. गळाला लावायच्या बारीक शिशाच्या गोळ्या विकायला बंदी. कारण थेम्सवरचे राजहंस. ते पक्षी दळणासाठी पोटात खडे घेतात, खडे समजून गळेवाल्यांनी सांडलेल्या गोळ्या गिळायचे आणि माना टाकून मरायचे. मोजणी झाली, अहवाल आला, बंदी आली आणि हंस पुन्हा वाढले. हंस तिकडे राजघराण्याच्या मालकीचे मानतात, त्यामुळे टपाल थेट वरच पोचलं असावं. मला त्या हंसांबद्दल मनापासून आनंद आहे. फक्त अंगणातल्या लगद्याशी खेळणारं पोर कोणाच्या मालकीचं धरायचं आणि त्याच्या वतीने अर्ज कोणत्या टेबलावर ठेवायचा, हे मला कारकुनाचा भाचा असूनही अजून उमगलेलं नाही. आपल्याकडे २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, २००१ साली जुन्या बॅटऱ्यांच्या हाताळणीचे नियम झाले, २०२२ मध्ये ते बदलून नवे आले. नियम चांगले आहेत. वाडीवरच्या माणसाला मात्र पाग भरायचाच असतो, आणि नियमात पागाचा उल्लेख नाही.

आता पाग नायलॉनचा येतो. सुताचा असताना तो कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवत. ते कामही गेलं. शिशाच्या गोळ्या बाजारात तयार मिळतात, कुठे लोखंडी साखळीही लावतात. मुंबईहून शनिवार-रविवार फार्महाउसवर येणारी तरुण मंडळी खोक्यातून रंगीत जिग काढतात. टंगस्टनच्याही असतात म्हणे. शिशापेक्षा जड, विष नाही, आणि किंमत ऐकली की मासा विकत घेणं परवडतं.

भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याने पेज नदी भर उन्हाळ्यातही वाहते. १९२२ पासूनचं ते वीजघर. त्या वाहत्या पाण्याच्या तळाशी, खडकांच्या कपारीत, तुटलेल्या जाळ्यांच्या गोळ्या अडकून आहेत. गेल्या मे महिन्यात तिथे गेलो होतो. एक कातकरी बाई काठावर बसून जुना नायलॉनचा पाग सोडवत होती. जाळं फाटलेलं, टाकून द्यायचं. गोळ्या मात्र ती एकेक करून काढून डब्यात टाकत होती. कडेवरचं पोर एक गोळी तोंडात घालायला गेलं, तशी तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि गोळी काढून घेतली. "कशाच्या आहेत?" मी विचारलं. "सासऱ्याच्या," ती म्हणाली. डब्यातली एक गोळी हातात घेऊन पाहिली. कडा तडकलेली, पण घडण सुबक. टाइपाचं शिसं असावं. मी पोराकडे पाहून म्हटलं, "बाई, हात धुवा बरं का त्याचे." तिने डब्याला झाकण लावलं, पोराला उचललं आणि त्याचे हात नदीत धुतले.